लेव्हल बंद होत नाही? फरकाचा आकडा आधी वाचा

बीएमवरून (बेंचमार्क, म्हणजे उंची माहीत असलेली पक्की खूण) निघालात, पाटाच्या कडेने ७५० मीटर गेलात, तेवढंच अंतर परत येऊन त्याच बीएमवर स्टाफ (उंची वाचायची आकड्यांची पट्टी) धरला आणि उंची १००.००० मीटर यायला हवी तिथे १००.१५० आली, म्हणजे लेव्हल बंद झाली नाही. डिप्लोमाच्या सर्व्हे कॅम्पपासून साइटवरच्या नव्या ज्युनिअर इंजिनिअरपर्यंत सगळ्यांची ही तक्रार असते. त्यावर सहसा दोनच उपाय होतात. एक तर दुसऱ्या दिवशी सगळी लाइन पुन्हा मारायची, नाहीतर लेव्हल बुकातला एखादा आकडा 'सुधारून' बंद करायची. दुसऱ्या उपायाबद्दल बोलायलाच नको. पण पहिलाही अनेकदा फुकट जातो, कारण कालची चूक कुठे झाली हे कळलेलं नसतं आणि तीच आज पुन्हा होते.

फरक किती आणि कुठल्या बाजूला, अधिक की उणे, हे नीट पाहिलं तर बऱ्याचदा इन्स्ट्रुमेंट पेटीतून काढायच्या आधीच चोर सापडतो. खालचं सगळं ऑटो लेव्हल (दृष्टिरेषा आपोआप आडवी ठेवणारं दुर्बिणीचं इन्स्ट्रुमेंट) आणि ४ किंवा ५ मीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा सरकता स्टाफ धरून लिहिलं आहे. डंपीला (जुन्या, बबल ट्यूबच्या लेव्हलला) जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

किती फरक चालतो

साधारण कामाला २४√के मिलिमीटर आणि जरा काटेकोर कामाला १२√के मिलिमीटर हा नेहमीचा हिशोब. के म्हणजे जाऊन-येऊन झालेलं एकूण अंतर, किलोमीटरमध्ये. दीड किलोमीटरला २४√१.५ म्हणजे २९ मिमी आणि १२√१.५ म्हणजे १५ मिमी. ९ मिमी आले तर शोधाशोध करू नका, फरक वाटून टाका. १२ सेटअपमध्ये (इन्स्ट्रुमेंट १२ जागी मांडून) ९ मिमी अधिक आले असतील तर पहिल्या चेंज पॉइंटला (जिथे स्टाफ ठेवून इन्स्ट्रुमेंट पुढे नेतात) ०.७५ मिमी वजा, दुसऱ्याला १.५, असं शेवटच्या पॉइंटला ९ पर्यंत न्यायचं आणि मग मिलिमीटरला पूर्ण करायचं. इंटरमिजिएट पॉइंटना (त्याच सेटअपमधून मधे वाचलेल्या पॉइंटना) त्या सेटअपची दुरुस्ती तशीच लागते.

१५० मिमी मात्र वाटायचे नसतात. वाटणी मर्यादेतल्या फरकाची होते, घोडचुकीची नाही.

आधी पेन्सिल, मग ट्रायपॉड

दर सेटअपला बॅकसाइट म्हणजे मागच्या, उंची कळलेल्या पॉइंटवरचं पहिलं रीडिंग, फोरसाइट म्हणजे पुढच्या चेंज पॉइंटवरचं शेवटचं, आणि आर.एल. म्हणजे पॉइंटची उंची. बॅकसाइटची बेरीज वजा फोरसाइटची बेरीज बरोबर शेवटचा आर.एल. वजा पहिला आर.एल. हे जुळलं नाही तर चूक शेतात नाही, बुकात आहे. जुळलं तर फक्त बेरीज-वजाबाकी बरोबर आहे एवढंच कळतं. रीडिंग बरोबर आहे की नाही याचा त्यात पुरावा नसतो. अनेक जण इथेच गफलत करतात आणि 'चेक जुळला' म्हणून निर्धास्त होतात.

आणखी एक फट आहे. कोलिमेशनच्या उंचीने (दृष्टिरेषेच्या उंचीतून प्रत्येक रीडिंग वजा करून) हिशोब केला असेल, तर हा चेक इंटरमिजिएट पॉइंटचे आर.एल. तपासतच नाही. मधला एखादा आर.एल. अर्ध्या मीटरने चुकला तरी खालचा चेक छान जुळतो. राइज-फॉल पद्धतीत (लागोपाठच्या दोन पॉइंटमधला चढ किंवा उतार काढत) राइजची बेरीज वजा फॉलची बेरीज हा तिसरा चेक मिळतो आणि मधले पॉइंटही त्यात येतात. क्रॉस सेक्शनला मधले पॉइंट खूप असतात म्हणून लोक कोलिमेशन घेतात, ते समजण्यासारखं आहे. पण मग मधली प्रत्येक वजाबाकी दुसऱ्याकडून तपासून घ्यावी लागते.

पान उलटतानाही हमखास घोळ होतो. पानाच्या शेवटी इंटरमिजिएट रीडिंग आलं असेल तर ते त्या पानावर फोरसाइटच्या रकान्यात आणि पुढच्या पानावर पहिल्या ओळीत बॅकसाइट म्हणून लिहायचं. तरच प्रत्येक पानाचा चेक स्वतंत्र लागतो.

आकडा काय बोलतो

बुक जुळतंय आणि फरक मोठा आहे, तर तो आकडा पुढे ठेवून बसा.

*बरोबर १.००० किंवा त्याच्या आसपास.* मीटरचा आकडा चुकला. स्टाफ जवळ असला, १०-१२ मीटरवर, की दुर्बिणीत स्टाफचा छोटासाच तुकडा दिसतो आणि लाल मीटरचा आकडा नजरेत येत नाही. तेव्हा स्टाफ धरणाऱ्या खलाशाला "स्टाफ हळूच वर घे" म्हणायचं. पहिला लाल आकडा दिसला की तो लिहायचा, स्टाफ परत खाली टेकवायचा आणि मग उरलेलं रीडिंग घ्यायचं. उचललेला स्टाफ पुन्हा त्याच जागी टेकला पाहिजे, हे सांगायला विसरू नका.

*०.१०० किंवा ०.०५०.* डेसिमीटर चुकला किंवा ई-पॅटर्नच्या (ई अक्षरासारख्या खुणांच्या) स्टाफवर ई-ची वरची आणि खालची कड यांची गल्लत झाली. ई-स्टाफवर काळा-पांढरा एक घर १० मिमीचं असतं आणि मिलिमीटर अंदाजाने घ्यावा लागतो. जुन्या घडीच्या लाकडी स्टाफवर घर ५ मिमीचं असतं. एकाची सवय असलेला माणूस दुसऱ्यावर चुकतोच. हातात नवा स्टाफ आला की आधी तो जमिनीवर आडवा ठेवून घरं मोजा.

*अंतराला २०० ने भागून येतो तेवढा फरक.* वरचा १५० मिमीचा फरक इथे बसतो. दुर्बिणीतल्या मधल्या हेअरऐवजी (आडव्या रेषेऐवजी) तिच्या वरची किंवा खालची स्टेडिया हेअर वाचली गेली. स्टेडियाचा गुणक १००, म्हणजे ३० मीटरच्या साइटला (इन्स्ट्रुमेंटपासून स्टाफपर्यंतच्या अंतराला) वरच्या आणि खालच्या हेअरमध्ये स्टाफचे ०.३०० मीटर येतात आणि मधल्या हेअरपासून प्रत्येक बाजूला ०.१५०. फरक अधिक १५० मिमी आहे, तर एखाद्या ३० मीटरच्या सेटअपला बॅकसाइट मोठ्या आकड्याच्या हेअरवर किंवा फोरसाइट छोट्या आकड्याच्या हेअरवर घेतलं गेलं. साइटची अंतरं लिहिलेली असतील तर संशयित सेटअप दोन-तीनच उरतात.

यावरचा इलाज म्हणजे निदान चेंज पॉइंटला तीनही हेअर वाचायच्या. वर १.५७५, मध्ये १.४२५, खाली १.२७५. वर-खालची सरासरी १.४२५ आली, मधल्याशी जुळली. वजाबाकी ०.३००, म्हणजे अंतर ३० मीटर. फार तर अर्धा मिनिट जास्त लागतो आणि त्यात अंतरही फुकट मिळतं. सरासरीत २ मिमीपर्यंत फरक चालेल. त्याहून जास्त आला तर जागेवरच पुन्हा वाचा.

*मिलिमीटरमधला फरक ९ ने पूर्ण भागला जातो.* लिहिताना दोन आकड्यांची अदलाबदल झाली असेल: १.४२५ च्या जागी १.२४५, फरक १८०. किंवा १.५२४, फरक ९९. हिशोबनीसांची ही जुनी युक्ती लेव्हल बुकालाही तितकीच लागू पडते. रीडिंग सांगणारा आणि लिहिणारा वेगळे असतील तर लिहिणाऱ्याने आकडा मोठ्याने परत म्हणायचा: "एक, चार, दोन, पाच." 'चौदाशे पंचवीस' असं सांगण्यापेक्षा सुटे आकडे बरे, वाऱ्यात आणि ट्रॅक्टरच्या आवाजात ते नीट ऐकू येतात.

*फरकाचा निम्मा आकडा एखाद्या सेटअपच्या राइज किंवा फॉलएवढा.* बॅकसाइट आणि फोरसाइट उलट्या रकान्यांत गेली. बॅकसाइट १.४२५, फोरसाइट १.२६०, म्हणजे ०.१६५ चढ, उलट लिहिलं की तेवढाच उतार, एकूण फरक ०.३३०. पुलाच्या स्लॅबच्या पोटाला स्टाफ उलटा लावून चेंज पॉइंट घेतला आणि उणे चिन्ह राहिलं, तर फरक त्या रीडिंगच्या दुप्पट येतो.

२० ते ६० मिमी, दर वेळी वेगळा

हा फरक त्रास देणारा. इथे एकच मोठी चूक नसते, दर सेटअपला २-३ मिमी गळत असतात. तेव्हा चिन्ह बघा.

लाइन दोनदा मारली आणि दोन्ही वेळा फरक अधिकच आला, तर काहीतरी खचतंय असं धरून चाला. बॅकसाइट घेतल्यावर ट्रायपॉड ३ मिमी खाली बसला, तर फोरसाइट ३ मिमीने कमी येतं आणि पुढचा पॉइंट तेवढा उंच दिसतो. चेंज पॉइंटवरचा स्टाफ फोरसाइट आणि पुढच्या बॅकसाइटच्या मधे खचला, तर बॅकसाइट जास्त येतं आणि पुढचे सगळे पॉइंट पुन्हा उंचच होतात. दोन्ही खचणं एकाच बाजूला ढकलतं. जाताना झालेली चूक येताना कापली जात नाही, तिच्यात भर पडते.

काळ्या मातीत पहिल्या पावसानंतर हे होणारच. मे महिन्यात दुपारी डांबरी रस्त्यावर ट्रायपॉडच्या टोकांखालचं डांबर मऊ पडतं, तिथेही तेच. पाय टाचेने नीट दाबून रोवा, डांबरावर शक्यतो कडेच्या मुरुमात उभं राहा, बॅकसाइट आणि फोरसाइटमधला वेळ कमी ठेवा आणि इंटरमिजिएट पॉइंट खूप असतील तर ते संपल्यावर बॅकसाइट पुन्हा एकदा तपासा. चेंज पॉइंटला नुसती माती कधीच नको. चेंज प्लेट नसेल तर घट्ट बसलेला दगड, मोरीचा कठडा किंवा ठोकलेली खुंटी चालते. सपाट फरशीवर स्टाफ फिरवताना कडा उचलते, म्हणून गोल माथ्याचा खिळा किंवा उंचवटा बरा.

फरक कधी अधिक, कधी उणे येत असेल तर खालच्या गोष्टी बघा.

पॅरॅलॅक्स. आधी दुर्बीण आकाशाकडे किंवा पांढऱ्या कागदाकडे धरून आयपीस फिरवा, हेअर काळ्या आणि तलम दिसल्या पाहिजेत. मग स्टाफवर फोकस करा. डोळा थोडा वर-खाली हलवा. हेअर स्टाफवर सरकली तर पॅरॅलॅक्स आहे. कॅम्पमध्ये एका इन्स्ट्रुमेंटवर पाच जण वाचतात आणि आयपीस पहिल्याच्या डोळ्याला लावलेला असतो. प्रत्येकाने आपल्या डोळ्याला लावून घ्यायचा असतो. चष्मा लावून वाचणाऱ्याने चष्म्यासकट.

स्टाफचा तळ. तळाला चिखल चिकटला की रीडिंग कमी येतं, आणि चिखल दर वेळी वेगळा असतो. खलाशाच्या हातात एक फडकं द्या.

स्टाफचे सांधे. सरकत्या स्टाफचा खटका नीट बसला नाही की वरचा भाग ५-१० मिमी खाली राहतो. मग सांध्याच्या वरची रीडिंग तेवढी जास्त येतात आणि खालची बरोबर. म्हणून फरक काही सेटअपलाच दिसतो आणि माणूस चक्रावतो. स्टाफ पूर्ण उघडून प्रत्येक सांध्यावरून स्टीलची टेप लावा, ०.९०० ते १.४०० बरोबर ५०० मिमी भरलं पाहिजे. खटके झिजलेला स्टाफ सरळ बाद करावा, त्याची दोरी बांधून केलेली दुरुस्ती टिकत नाही.

स्टाफ तिरपा. ४ मीटरचा स्टाफ माथ्याला २० सेंटिमीटर झुकला तर ३.००० च्या रीडिंगला सुमारे ४ मिमी जास्त येतात, १.००० ला जेमतेम १ मिमी. स्टाफचा गोल बबल वापरा. बबल नसेल तर स्टाफ पुढे-मागे झुलवून सगळ्यात लहान रीडिंग घ्यायचं, असं शिकवतात. मोठ्या रीडिंगला ते बरोबर आहे. पण १ मीटरच्या खाली सपाट जागेवर झुलवू नका: स्टाफ मागच्या कडेवर कलतो, पुढची आकड्यांची बाजू उचलली जाते आणि 'सगळ्यात लहान' रीडिंग खऱ्यापेक्षाही लहान येतं.

उन्हाळ्यात दुपारी स्टाफवरचे आकडे थरथरतात. तेव्हा साइट ३० मीटरच्या आत ठेवा आणि जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या आतलं रीडिंग टाळा. पृथ्वीची गोलाई आणि प्रकाशाचं वक्रीभवन मिळून १०० मीटरला ०.७ मिमीच्या आसपास, २०० मीटरला २.७. नेहमीच्या साइटला त्याची काळजी नको.

इन्स्ट्रुमेंटच वाकडं बघतंय का: टू-पेग टेस्ट

बॅकसाइट-फोरसाइट समान अंतरावर असतील तर कोलिमेशनची चूक (दृष्टिरेषा आडवी नसल्याची) आपोआप कापली जाते. नसतील तर ती साठते. नवं काम सुरू करताना आणि इन्स्ट्रुमेंट जीपच्या मागे आदळत आलं असेल तर नक्की, ही टेस्ट करा. २० मिनिटं लागतात.

जवळपास सपाट जागेवर टेपने ६० मीटर मोजून ए आणि बी अशा दोन खुंट्या ठोका. बरोबर मधोमध, ३० मीटरवर, लेव्हल लावा. समजा ए वर १.४२५, बी वर १.२६० आलं. दोन्ही रीडिंगमध्ये चूक सारखीच आहे, म्हणून वजाबाकी खरी: बी ०.१६५ ने उंच.

आता लेव्हल ए च्या मागे, बी पासून दूरच्या बाजूला ३ मीटरवर न्या. ए वर १.५१० आलं, तर बी वर १.५१० वजा ०.१६५, म्हणजे १.३४५ यायला हवं. आलं १.३५३. ८ मिमी जास्त, म्हणजे दृष्टिरेषा वर चढते आहे: ६० मीटरला ८ मिमी, मीटरला ०.१३ मिमी. ६० मीटरला २-३ मिमीपर्यंत सोडून द्या, त्यापुढे दुरुस्ती.

हात लावण्याआधी टेस्ट पुन्हा एकदा करा. दोन्ही वेळा जवळपास तेवढंच आलं तरच. बहुतेक ऑटो लेव्हलला आयपीसजवळच्या टोपीखाली एक स्क्रू असतो. तो पिनने किंवा छोट्या अ‍ॅलन कीने थोडा-थोडा फिरवत मधली हेअर १.३४५ वर आणायची आणि मग सगळी टेस्ट परत. डंपीला समोरासमोरचे वर-खालचे दोन स्क्रू असतात: एक सैल केल्याशिवाय दुसरा आवळू नका, पेच खराब होतो. आणि डंपीत आधी बबल ट्यूब दुरुस्त, मग हेअर. क्रम उलटला तर दोन्ही बिघडतात.

कॉम्पेन्सेटर (ऑटो लेव्हलमधली दृष्टिरेषा आडवी ठेवणारी यंत्रणा) अडकला असेल तर टू-पेगचा आकडाच दर वेळी वेगळा येतो. तपासणी सोपी आहे. ४०-५० मीटरवर स्टाफ धरा, बबल मध्ये आणा, रीडिंग घ्या. दृष्टिरेषेच्या दिशेतला फूट स्क्रू अगदी थोडा फिरवा, बबल वर्तुळाच्या आतच राहील इतकाच. रीडिंग १ मिमीच्या आत तेच राहिलं तर कॉम्पेन्सेटर काम करतोय. बदललं तर तो जाम आहे, आणि ते घरी उघडायचं काम नाही. ट्रायपॉडच्या पायाला टिचकी मारली की चित्र हलून परत तिथेच स्थिर व्हायला हवं. कॉम्पेन्सेटर साधारण १५ मिनिटांच्या कोनापर्यंतच सांभाळून घेतो, त्यामुळे 'ऑटो आहे, बबल कशाला' हे चालत नाही. गोल बबलही बिघडतो: मध्ये आणून इन्स्ट्रुमेंट १८० अंशांत फिरवा, सरकला तर निम्मं फूट स्क्रूने, निम्मं बबलखालच्या स्क्रूंनी.

बंद झाली, तरी चुकली

ही गोष्ट शिकताना सहसा कोणी सांगत नाही. चढावर लेव्हल घेताना बॅकसाइट लांब पडतं आणि फोरसाइट जवळ. कारण इन्स्ट्रुमेंट दीड मीटर उंच, स्टाफ चार मीटरचा. खालच्या बाजूला अडीच मीटर वाव आहे, वरच्या बाजूला दीडच. समजा दर सेटअपला बॅकसाइट ४० मीटर आणि फोरसाइट २० मीटर. वरच्या ८ मिमीवाल्या लेव्हलने दर सेटअपला २० × ०.१३३, म्हणजे २.७ मिमी चढ जास्त दिसतो. १५ सेटअपनंतर घाटाच्या माथ्यावरचा टीबीएम (तात्पुरता बेंचमार्क) ४० मिमी उंच लिहिला जातो.

आता त्याच वाटेने उतरा. उतरताना फोरसाइट लांब आणि बॅकसाइट जवळ. दर सेटअपला २.७ मिमी उतार जास्त दिसतो. पायथ्याशी येईपर्यंत ४० चे ४० परत गेले आणि लूप २ मिमीत बंद झाली. बुक सुंदर, चेक जुळलेले, आणि माथ्यावरचा टीबीएम ४० मिमीने खोटा. तिरप्या स्टाफची आणि सांधा खचलेल्या स्टाफचीही चूक चढ-उतारावर अशीच लपते.

त्यामुळे चढावर लूप बंद झाली म्हणून समाधान मानू नका. बॅकसाइटच्या अंतरांचा आणि फोरसाइटच्या अंतरांचा वेगवेगळा रकाना ठेवा आणि माथ्यावर पोचल्यावर दोन बेरजा बघा. ३०० मीटरचा फरक दिसला की ०.१३३ ने गुणून ४० मिमी समोरच आले. चढावर अंतरं समान ठेवायची तर नागमोडी जा, इन्स्ट्रुमेंट सरळ रेषेत असायला पाहिजे असं काही नाही. शक्य असेल तर लूपऐवजी दुसऱ्या टोकाला आर.एल. माहीत असलेल्या बीएमवर बंद करा.

दुसऱ्या बीएमवर बंद केलं आणि तिथे फरक आला, तर आपण चुकलो असं लगेच धरू नका. बीएमही हललेला असू शकतो. मोरी नवी बांधली, देवळाच्या ओट्यावर फरशी चढली, किलोमीटरचा दगड रस्ता रुंद करताना सरकला. रेल्वे स्टेशनच्या फलकावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते म्हणून तिथून लेव्हल उचलणारेही असतात. तो आकडा नेमका कुठल्या बिंदूचा, हे फलकावर लिहिलेलं नसतं. सुरुवातीला दोन बीएममधला फरक आपण मोजायचा आणि दिलेल्या आकड्यांशी ताडून पाहायचा, मगच पुढे निघायचं.

लाइन पुन्हा मारायचीच असेल तर

सगळी नको. जाताना दर २५०-३०० मीटरवर पक्क्या जागी, मोरीच्या कठड्यावर किंवा खडकावर, ऑइल पेंटने खूण करून टीबीएम केला असेल आणि येतानाही त्यावर चेंज पॉइंट घेतला असेल, तर प्रत्येक तुकड्याचा जाण्याचा आणि येण्याचा उंचीफरक शेजारी-शेजारी लिहा. टीबीएम १ ते २ जाताना अधिक ०.८१२, येताना उणे ०.८१५, ठीक. टीबीएम २ ते ३ जाताना अधिक १.१०४, येताना उणे ०.९५४. दीडशे मिलिमीटर इथे आहेत. तेवढे तीनशे मीटर, पाच सेटअप, तीन हेअर वाचत पुन्हा घ्या. जाण्याचा आणि येण्याचा, यांपैकी ज्या आकड्याशी नवा आकडा जुळेल तो ठेवा आणि दुसऱ्यावर एकच रेघ मारा. खोडून वर लिहू नका; जुना आकडा वाचता आला पाहिजे.